दवाखान्यातला मार्च एंड

जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावातून एका डॉक्टर वाचक बाईंनी लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून पत्राचा सारांश असा :

'मी 34 वर्षांची, एमबीबीएस. लग्नानंतर सासऱ्यांच्या दवाखान्यात बसू लागले. अप्पांनी तो 36 वर्षं चालवला, आता गुडघ्यांमुळे सकाळी तासभरच येतात. फी 80 रुपये, त्यातच दोन दिवसांच्या गोळ्या. रोज 35 च्या आसपास पेशंट. यजमानांची केळी लागोपाठ दोन हंगाम वादळात आडवी झाली, डोक्यावर कर्ज आहे. अशात जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या हॉस्पिटलने दवाखाना त्यांच्याशी जोडायला विचारलं आहे. पाटी त्यांची, डॉक्टर मीच. महिना 90 हजार फिक्स, आणि 12 टार्गेटं पूर्ण केली तर वर 45 हजारांपर्यंत इन्सेंटिव्ह. अप्पा म्हणतात, ही कोट घातलेली कट प्रॅक्टिस (पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन) आहे. यजमान म्हणतात, सगळेच करतात, आपण निदान उघड करतोय. मी वाचलं की इंग्लंडमध्ये तर सरकारच फॅमिली डॉक्टरांना टार्गेटप्रमाणे पैसे देतं. मग मला अपराधी का वाटतंय? मी कुणाला फसवणार नाही, एवढी माझी मला खात्री आहे.'

टार्गेटांची यादी त्यांनी सोबत जोडली आहे.

डॉक्टर, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याशी मी अडखळले. अशीच खात्री मलाही होती, 1989 साली.

तेव्हा मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होते. कुटुंब नियोजनाच्या 'केसेस'चं, म्हणजे नसबंदीच्या ऑपरेशनांचं टार्गेट असायचं. ऑफिसातल्या फळ्यावर खडूने दोन आकडे लिहिलेले : उद्दिष्ट आणि साध्य. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, सगळ्यांना कोटा. मार्च लागला की जीप, डिझेल, कॅम्प यांशिवाय कुणाच्या तोंडी दुसरा विषय नसे, आणि जिल्ह्याच्या मीटिंगला मागे राहिलेल्याला नाव घेऊन उभं करत. त्या वर्षी मी 14 केसेसनी मागे होते. कॅम्पच्या सकाळी नर्सबाईंनी एका बाईला आणलं. चौथं मूल अंगावर पीत होतं. मी तिचं हिमोग्लोबिन स्वतः पाहिलं. तेव्हा साहलीची नळी असायची : आम्लात रक्त घालायचं, थेंबथेंब पाणी सोडायचं आणि नळीतला तपकिरी रंग बाजूच्या काचेशी जुळला की आकडा वाचायचा. रंग जुळला की नाही हे डोळ्यांनीच ठरवायचं. त्या दिवशी मला तो रेषेच्या वर जुळलेला दिसला. बाई ऑपरेशनला गेली. तिला काही झालं नाही, दोन दिवसांनी घरी गेली. पण टाके बघताना मी सहज तिची खालची पापणी ओढली, तर आत पांढरंफटक, म्हणजे अंगात रक्त कमी. मग नळीत मी काय पाहिलं होतं?

मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच तसं दिसलं होतं. म्हणून 'मी कुणाला फसवणार नाही' या वाक्याचा मला फारसा दिलासा वाटत नाही. फसवायला आधी खरं काय ते दिसावं लागतं. टार्गेट त्याच्याही आधी येऊन बसतं, थेट डोळ्यांत. (आणीबाणीतल्या 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. त्या करणारे सगळे डॉक्टर काही दुष्ट नव्हते. केंद्र सरकारने ही टार्गेटं काढली ती 1996 साली. तोवर माझी बरीचशी नोकरी झाली होती.)

आता इंग्लंड. तुम्ही वाचलं ते खरं आहे, आणि तिथली गोष्ट मोठी शिकण्यासारखी आहे, पण ती तुमच्या यजमानांच्या बाजूने जात नाही.

एप्रिल 2004 मध्ये ब्रिटनने तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या करारात ही पद्धत आणली. 146 निकष, एकूण 1,050 गुण, आणि गुणांप्रमाणे पैसे. प्रॅक्टिसच्या उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा त्यावर ठरू लागला. निकष कसले? बीपीच्या पेशंटची नोंदवही आहे का, त्यातल्या कितींचं बीपी 150/90 च्या आत आलं, मधुमेहींचे पाय तपासले का, दम्याच्या पेशंटचा वर्षातून एकदा आढावा घेतला का. पहिल्याच वर्षी सरासरी प्रॅक्टिसने 90 टक्क्यांहून जास्त गुण मिळवले. सरकारने इतका खर्च धरलाच नव्हता. फायदा झाला का? थोडा झाला. दमा आणि मधुमेहाची काळजी आधीच सुधारत होती, ती सुरुवातीला आणखी वेगाने सुधारली. गरीब वस्तीतले आणि सुखवस्तू भागातले दवाखाने यांच्यातलं अंतरही कमी झालं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मग वेग मंदावला. ज्या गोष्टींना गुण नव्हते त्या मागे पडल्या, आणि पेशंटला आपला नेहमीचाच डॉक्टर भेटणं कमी झालं. बीपीच्या नोंदी बघणाऱ्यांना दिसलं की 150 च्या जेमतेम खालचे आकडे एकदम वाढले आहेत. म्हणजे माझी साहलीची नळीच, फक्त इंग्रजी हवामानात.

तिथलाच आणखी एक किस्सा. पेशंटला 48 तासांच्या आत फॅमिली डॉक्टर भेटला पाहिजे, असं टार्गेट होतं. मग अनेक दवाखान्यांनी दोन दिवसांपुढची अपॉइंटमेंट देणंच बंद केलं. पुढच्या आठवड्याची वेळ मागणाऱ्याला सांगत, त्या दिवशी सकाळी फोन करा. 2005 च्या निवडणुकीत टीव्हीवरच्या कार्यक्रमात एका बाईने पंतप्रधान ब्लेअरना हे तोंडावर विचारलं, आणि त्यांना याची कल्पनाच नव्हती. पुढे 2014 मध्ये इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक नव्या निदानामागे 55 पौंड देण्याची योजना निघाली. इतका गदारोळ झाला की काही महिन्यांत ती गुंडाळली. स्कॉटलंडने तर 2016 मध्ये गुणांची ही सगळी पद्धतच सोडून दिली.

तुमच्या प्रश्नापुरता यातला कळीचा मुद्दा वेगळाच आहे. तिथे पैसे देणारं सरकार आहे, आणि पेशंट ॲडमिट झाला तर खर्च त्याच सरकारच्या अंगावर पडतो. म्हणून बीपी आटोक्यात ठेवणाऱ्या डॉक्टरला ते बक्षीस देतं. तुम्हाला पैसे देणाऱ्याची कमाई मुख्यतः पेशंट ॲडमिट झाला तर होते. 'टार्गेट' शब्द दोन्हीकडे तोच, पण तिथलं पाणी ज्या दिशेला वाहतं त्याच्या नेमकं उलट इथलं. आपल्याकडच्या सरकारी योजनाही कॉटवर झोपलेल्याचं बिल देतात. ओपीडीच्या बाकावर बसलेल्या बीपीवाल्या म्हाताऱ्याचं कुणी देत नाही. त्यामुळे हॉस्पिटलला तालुक्याला दवाखाना हवा असतो तो बहुतेकदा पाणंदीसारखा, माल मोठ्या रस्त्याला लावायला.

हे मी रागाने लिहीत नाही. तुमची यादी घेऊन बसले तेव्हा मलाही वाटलं होतं की बारापैकी बरीचशी टार्गेटं चांगली आहेत. मधुमेहींची तीन महिन्यांची शुगर, पायांची तपासणी, प्रत्येक प्रौढाच्या बीपीची नोंद, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन, मुलांचं लसीकरण. या पाचांवर कोण आक्षेप घेईल? तीन किरकोळ आहेत : वेळेवर येणं, ॲपमध्ये नोंद, पेशंटने दिलेले स्टार. उरलेली चार म्हणजे महिन्याला 25 रेफर, 6 ॲडमिशन, पेशंटमागे तपासण्यांचं सरासरी बिल आणि हेल्थ चेकअपच्या पॅकेजची विक्री. तुम्ही टार्गेटं मोजलीत, मी प्रत्येकापुढचे रुपये मोजले. पहिल्या पाचांचे मिळून 9,000. किरकोळ तिघांचे 4,500. शेवटच्या चारांचे 31,500. पहिली पाच म्हणजे पेढ्याच्या खोक्यावरचा चांदीचा वर्ख आहेत, डॉक्टर.

त्या चारांबद्दल कायद्याचंही बघा. वैद्यकीय आचारसंहितेचे 2002 चे नियम तुम्हाला लागू आहेत. 2023 मध्ये नवे आले होते, ते काही दिवसांतच स्थगित झाले. त्या नियमांत पेशंट रेफर करण्याच्या बदल्यात भेट, कमिशन किंवा बोनस घ्यायला आणि द्यायलाही मनाई आहे, आणि तपासणीसाठी नमुना पाठवण्यालाही तोच नियम लावला आहे. पगार घ्यायला मनाई नाही. म्हणजे 90 हजार वेगळे आणि रेफरमागचे पैसे वेगळे. आपल्या राज्याने कट प्रॅक्टिसवर स्वतंत्र कायद्याचा मसुदा 2017 मध्ये केला होता. तो कायदा झाला नाही, पण म्हणून हे मोकळं रान नाही. उद्या तक्रार झाली तर मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तुमची आहे, हॉस्पिटलच्या मार्केटिंगवाल्याची नाही. करार सही करण्याआधी वकिलाला दाखवा, आणि तो त्यांच्या पॅनेलवरचा नको.

अप्पांचं म्हणणं मग शंभर टक्के बरोबर? तिथेही मला थोडं टोकायचंय, त्यांनी रागावू नये.

80 रुपये फी, त्यात गोळ्या. यातही एक टार्गेट आहे, ते भिंतीवर लिहिलेलं नाही इतकंच. पेशंट जितक्या वेळा येईल तितके 80. दोनच दिवसांची पुडी का? कारण तिसऱ्या दिवशी तो परत येतो. आपल्याकडे ताप आला की पेशंट स्वतःच म्हणतो, 'डाक्टर, माले सुई दी द्या,' आणि मे महिन्यात पारा 45 वर गेला की थकलेल्या प्रत्येकाला सलाईन हवं असतं. सलाईनचे पैसे वेगळे. गरज नसताना ते लावलं नाही असा जनरल प्रॅक्टिशनर खान्देशात किती शोधावा लागेल, हे अप्पांना माझ्याहून चांगलं ठाऊक असेल. प्रत्येक मोबदला काहीतरी विकत घेतो. तुमच्या घरी शेती आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. कापसाची वेचणी किलोवर दिली की मजूर झपझप वेचतो, पण कवडी आणि पाला झोळीत येतो. रोजाने दिली तर कापूस स्वच्छ येतो आणि तीन दिवसांचं काम पाच दिवस चालतं. शेतकरी यात पाप-पुण्य बघत नाही. यंदा आपल्याला काय परवडणार आहे ते बघतो, आणि किलोवर दिलं तर संध्याकाळी झोळीत हात घालून बघतो.

आपल्याच देशातला एक बरा नमुना सांगते. क्षयाच्या पेशंटची नोंद सरकारकडे करणाऱ्या खासगी डॉक्टरला 2018 पासून 500 रुपये आणि उपचाराचा शेवट कळवला की आणखी 500 अशी तरतूद आली. रक्कम छोटी, काम नेमकं, आणि डॉक्टरने लोभ धरला तरी पेशंटचं नुकसान होत नाही, उलट तो औषधांच्या साखळीत येतो. टार्गेट तपासायची माझी फूटपट्टी हीच : हे हावरटपणे पूर्ण केलं तर पेशंटचं काय होईल? पायांची तपासणी हावरटपणे केली तर चार पाय जास्त तपासले जातील. ॲडमिशन हावरटपणे केली तर काय होतं ते बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढून टाकलेल्या गर्भपिशव्यांनी 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राला सांगितलं आहे. ऊसतोडीला टोळ्या आपल्याकडूनही जातात.

चांगल्या पाचांतही एक खड्डा आहे, तो बुजवून घ्या. यादीत लिहिलंय : '70 टक्के मधुमेहींची एचबीए-वन-सी सातच्या आत.' (ही तीच तीन महिन्यांची शुगर.) तुमच्याकडे सातपुड्यातून पावरा, भिल्ल पेशंट येत असणारच. त्यांच्यापैकी कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, तर तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. शुगर वर आणि कागदावर साडेसहा. तुम्हाला इन्सेंटिव्ह मिळेल आणि त्याचे डोळे जातील. दुसरीकडे 80 वर्षांच्या आजीबाई, श्रावणी सोमवार धरणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांची शुगर सातच्या आत आणायला गोळी वाढवलीत तर त्या एखाद्या पहाटे न्हाणीघरात पडलेल्या सापडतील. त्यांना आठ पुष्कळ झालं. इंग्लंडच्या पद्धतीत अशा पेशंटला कारण लिहून मोजणीतून वगळायची सोय होती. तिचाही थोडा गैरवापर झालाच, पण ती नसती तर जास्त वाईट झालं असतं. तुमच्या कागदावर ती सोय मला कुठे दिसली नाही.

मग करायचं काय? तुम्ही दोनच वाटा लिहिल्यात, होकार नाही तर नकार. मधे बोलणी नावाची वाट असते. हॉस्पिटलला तालुक्यात टिकून राहणारी एमबीबीएस डॉक्टर हवी आहे, आणि ती सहज मिळत नाही. तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी पडती नाही. त्यांना म्हणा, फिक्स 90 चं 105 करा, रेफर, ॲडमिशन, तपासणी आणि पॅकेज या चारांचे पैसे काढून टाका, पाचांचे हवे तर ठेवा. पेशंट कुठल्या हॉस्पिटलला पाठवायचा हे पेशंट आणि मी ठरवू, असं करारात लिहून घ्या, आणि वैद्यकीय कारण नोंदवून पेशंट मोजणीतून वगळायची सोयही. त्यांनी हे तोंडी कबूल केलं आणि कागदावर नको म्हटलं, तर तुम्हाला उत्तर मिळालं. करार मोडायची मुदत आणि दवाखान्याची जागा कुणाच्या नावावर राहते, तेही बघा. पाटी उतरवता येते, पण पेशंटची यादी एकदा त्यांच्या ॲपमध्ये गेली की परत येत नाही.

बोलणी फिसकटली तर? आकडे मांडून बघू. आज 35 पेशंट, 80 रुपये, महिन्याचे 25 दिवस : 70 हजार. गोळ्या, कंपाउंडर, लाइट यांचे 30 गेले तर हातात 40. फी 120 करा. पाच पेशंट कमी होतील असं धरलं तरी 90 हजार होतात. त्यावर बीपी-शुगरच्या दीडएकशे पेशंटसाठी वर्षाची एकरकमी फी ठेवा, समजा 1,200 : ठरलेल्या भेटी, बीपी, पायांची तपासणी, फोनवर विचारपूस. गोळ्या आणि लॅब वेगळी. त्यांची सुटी फी वजा केली तरी महिना दहा हजार पडावेत. खर्च जाऊन 70 च्या आसपास. म्हणजे त्यांच्या फिक्सपेक्षा 20 हजार कमी. हे गोड लागणारं गणित नाही, मला माहीत आहे. कर्जाचा हप्ता किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. तो या 70 मध्ये बसत नसेल तर दोन वर्षं पगार घ्या, मी नावं ठेवणार नाही. फक्त फिक्स पगार घ्या.

आणि या सदराचे बहुतेक वाचक पेशंट आहेत, त्यांच्यासाठी : डॉक्टरांनी रेफर केलं की नम्रपणे दोन गोष्टी विचाराव्यात. आठ दिवस थांबलो तर काय होईल? आणि दुसऱ्या हॉस्पिटलला गेलो तर तुमची चिठ्ठी चालेल ना? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. फी 80 ची 120 झाली म्हणून डॉक्टर बदलू मात्र नका. स्वस्त फीची भरपाई कुठून तरी होतच असते, बहुतेकदा लॅबच्या बिलातून.

अप्पांशी बोला, डॉक्टर. त्यांना 'कट प्रॅक्टिस' म्हणताना त्रास होतोय तो हॉस्पिटलचा नसेल. 36 वर्षांची पाटी उतरणार, याचाही असेल. वार्षिक फीची वाट घेतलीत तर पहिलं काम म्हणजे बीपी-शुगरच्या पेशंटचं रजिस्टर : नाव, गाव, शेवटचं बीपी, पाय कधी पाहिले, कोण तीन महिन्यांत फिरकलं नाही. कोण कुठल्या गल्लीत राहतो, कुणाचा मुलगा पुण्याला आहे, कोण लाजेपोटी येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सकाळच्या त्या तासात ते रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवा. गुडघे दुखतात, हात नाही.